खिशातली चिठ्ठी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री फोनवर म्हणालीस, "मेल लिहून ठेवलाय, सकाळी पाठवते." साहेब चारचौघांत ओरडले, ते चुकलेच. तरीही तो मेल आज पाठवू नकोस.

मागे तू वैतागून विचारलं होतंस, मोठ्या नेत्यांचे धडे पगारी माणसाला काय कामाचे? ना हाताखाली सैन्य, ना खजिना. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता सांगते. त्यांच्या लढाया राहू देत, त्यांचे कागद बघ.

अमेरिकेच्या यादवी युद्धात, जुलै १८६३ मध्ये, गेटिसबर्गची लढाई उत्तरेच्या सैन्याचे जनरल मीड यांनी जिंकली. पण पोटोमॅक नदीच्या पुरामुळे दक्षिणेचे सेनापती ली यांचं हरलेलं सैन्य अडकून पडलं होतं, तेव्हा मीड यांनी झडप घातली नाही आणि ली निसटले. १४ जुलैला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मीडना पत्र लिहिलं. सोन्यासारखी संधी गेली, मला अपार दुःख झालंय, असं त्यात स्पष्ट होतं. मग पाकिटावर नोंद केली, "पाठवलं नाही, सही केली नाही," आणि ते ठेवून दिलं. मीड यांच्याकडे सेनापतिपद येऊन तेव्हा जेमतेम सोळा दिवस झाले होते. युद्ध संपेपर्यंत ते त्याच पदावर राहिले. त्या पत्रातला राग खोटा नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. तुझाही नाही. म्हणून मेल खोडू नकोस, ठेवून दे.

आता दुसरा कागद. हा मला जास्त जवळचा आहे.

५ जून १९४४. दुसरं महायुद्ध चालू, दुसऱ्या दिवशी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरायचं, आणि दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर एक छोटी चिठ्ठी लिहितात, मोहीम फसली तर जाहीर करायची म्हणून. आधी त्यांनी "सैन्य मागे घेण्यात आलं आहे" अशा अर्थाचं लिहिलं. मग ते खोडून "मी सैन्य मागे घेतलं आहे" असं केलं. शेवटी लिहिलं, की काही दोष असेल तर तो एकट्या माझा. मोहीम यशस्वी झाली आणि चिठ्ठी त्यांच्या पैशाच्या पाकिटातच राहिली.

ती खाडाखोड बघ. आपली सगळी ऑफिसं त्या खोडलेल्या वाक्यावर चालतात. "पाठवण्यात आले", "नोंद राहून गेली", "नजरचुकीने झाले". कुणी केलं, त्याचा पत्ताच नाही. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी एका बिलाची रक्कम चुकीची चढवली आणि वर लिहून दिलं, "नोंदीत तफावत आढळली." माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंना त्याचा जाब द्यावा लागला. त्या मला कधीच काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही, आणि ते अजून सलतं.

म्हणून विचारते. जुन्या दरांचा तक्ता ग्राहकाला कुणी जोडून पाठवला? तूच ना? मग उद्याच्या बैठकीत "तक्ता चुकून गेला" म्हणू नकोस. "मी चुकीचा तक्ता जोडला" म्हण. साहेबांच्या ओरडण्याबद्दल नंतर, त्यांच्याशी एकटीने, शांतपणे बोल. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्यास तर पहिली कुणाला ऐकूच येणार नाही.

आणि ती जुनी फाइल अजून त्याच फोल्डरमध्ये असेल तर आजच हलव. शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आठवतं? पावसाळ्यासाठी साठवलेलं गवत, रात्री जळता राहिलेला दिवा, उंदराने वात ओढून नेली तर सगळं भस्म, म्हणून झोपण्याआधी दिवे विझवा. राज्य उभं करणारा माणूस दिव्याच्या वातीचा विचार करत होता. तुमच्याकडे ती वात म्हणजे ही फाइल आहे.

लिहिलेला मेल हवं तर मला पाठव. मी सगळा वाचेन, आणि तुझ्या बाजूनेच वाचेन. बैठक झाली की फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आई