ॲरन, हॅशच्या खुणेपासून सुरुवात करतो

प्रिय ॲरन स्वार्ट्झ,
सप्रेम नमस्कार.

तू अमेरिकी प्रोग्रामर आणि मुक्त माहितीचा कार्यकर्ता. ११ जानेवारी २०१३ ला तू गेलास. त्यानंतर तुझ्यावर जे लिहिलं गेलं, त्यात बहुतेक जागा जेस्टोरच्या खटल्यानेच खाल्ली. तुझ्या कोडावर आणि तुझ्या हट्टावर ज्यांचं रोजचं काम चालतं त्यांचे आभार त्यात राहूनच गेले. आम्ही मराठी मजकूर मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणीही वापरावा आणि वाटावा असा, ठेवणारी माणसं आहोत. कोणी सॉफ्टवेअरची मराठी मदतपानं लिहितं, कोणी जुनी पुस्तकं विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात आणतं. तू आम्हाला ओळखत नव्हतास, म्हणून नेमकं कशाकशाचे आभार ते सविस्तर लिहितो.

पहिले आभार हॅशचे (#). ओळीच्या सुरुवातीला हॅश, मग एक मोकळी जागा, मग मथळा, ही खूण तू २००२ साली एटीएक्स नावाच्या साध्या मजकूर-पद्धतीत वापरलीस. २००४ साली जॉन ग्रूबरने साध्या मजकुरातल्या खुणांवरून वेबपान करणारं मार्कडाउन काढलं तेव्हा ती तिथे आली, आणि त्याच्या मांडणीत तुझी मदत झाल्याचं त्याने स्वतः नोंदवलं. वेबपानाचं उलट मार्कडाउन करून देणारं एचटीएमएल-टू-टेक्स्ट हे अवजार तर तुझंच.

मराठीत या पद्धतीला ठेचा लागतात, त्याही सांगतो. नव्याने लिहिणाऱ्यांच्या उपयोगी पडतील. यादीचे आकडे देवनागरीत दिले तर यादी होतच नाही, सगळ्या ओळी एका परिच्छेदात वाहून जातात, कारण क्रमांक म्हणून फक्त इंग्रजी आकडे ओळखले जातात. फाइलीत इंग्रजी आकडे ठेवावेत आणि पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये यादीचा प्रकार देवनागरी असा द्यावा, म्हणजे पानावर मराठी आकडे उमटतात. दुसरी ठेच प्रत्ययांची. मार्कडाउनमध्ये तिरपा करायचा शब्द अंडरस्कोर (_) किंवा स्टार (*) यांच्या मध्ये लिहितात, ठळक करायचा दोन-दोन स्टारांच्या मध्ये. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, आणि शब्दाच्या पोटात आलेला अंडरस्कोर आजची बहुतेक मार्कडाउन-अवजारं खूण मानत नाहीत. म्हणून ‘लिनक्समध्ये’ यातला फक्त ‘लिनक्स’ तिरपा करायचा तर स्टारच वापरावा लागतो. त्यातही ठळक शब्दाला अवतरणचिन्हं असतील आणि ती स्टारांच्या आत असतील, तर बंद करणारे स्टार एका बाजूला विरामचिन्ह आणि दुसऱ्या बाजूला अक्षर अशा कात्रीत सापडतात आणि पानावर तसेच छापले जातात. अवतरणचिन्हं बाहेर, स्टार आत, एवढ्याने काम होतं. एचटीएमएल-टू-टेक्स्ट मुळात ७८ अक्षरांवर ओळ तोडतं आणि काना, मात्रा, अनुस्वार हे सगळं वेगळं मोजतं, त्यामुळे मराठी ओळी तोकड्या पडतात. ओळीची लांबी ठरवणारी ‘बॉडी विड्थ’ शून्य केली की तोडणं थांबतं.

यातली एकही चूक लपून राहत नाही, हे आम्हाला सगळ्यात मोलाचं वाटतं. साधी फाइल उघडली की दोष डोळ्यांना दिसतो आणि कुठल्याही संपादकात दुरुस्त होतो. हेच लिखाण बंद स्वरूपात अडकलं असतं, तर दुरुस्तीसाठी आधी कुणाचा तरी परवाना विकत घ्यावा लागला असता.

वेबसाइटवरचा नवा मजकूर वाचकाकडे आपोआप पोचवणाऱ्या आरएसएस १.० च्या गटात तू चौदाव्या वर्षी होतास, ते सगळेच सांगतात. आम्हाला त्याहून जवळचं वाटतं ते मजकूर मुक्त करण्याचे तयार परवाने देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्समधलं काम. डिसेंबर २००२ मध्ये ते परवाने आले तेव्हा प्रत्येकाचे तीन थर होते: माणसासाठी सोपा सारांश, वकिलासाठी पूर्ण मसुदा आणि यंत्रासाठी आरडीएफ या माहिती-स्वरूपातली नोंद. तिसरा थर तुझा. सुरुवातीला ती नोंद एचटीएमएलच्या टिप्पणीत दडवून ठेवावी लागे आणि टिप्पण्या तर बहुतेक यंत्रं वाचतच नाहीत. पुढे परवान्याच्या दुव्यालाच ‘लायसन्स’ असा रेल (rel) गुणधर्म जोडायची सोपी रीत पडली. तो विसरला की माणसाला परवाना दिसतो, पण परवान्यानुसार गाळणाऱ्या शोधयंत्राला ते पान मुक्त आहे हे कळत नाही.

परवाना निवडताना तू एकाच मापाने सगळं मोजलं नाहीस, हेही शिकण्यासारखं. वेबसाइट बांधायचं वेब-डॉट-पाय हे अवजार तू सरळ सार्वजनिक मालकीत टाकलंस; एचटीएमएल-टू-टेक्स्टला जीपीएल हा परवाना लावलास. पहिलं कुणीही कशातही वापरावं. दुसरं आपल्या कार्यक्रमात गुंफून वाटायचं तर त्या कार्यक्रमाचा स्रोतही द्यावा लागतो. भारतात कुणाला पहिला मार्ग धरायचा असेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम २१ आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर निबंधकाला अर्ज करण्याऐवजी जाहीर सूचना देऊनही हक्क सोडता येतो.

आता पेसर, म्हणजे अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचा कागदपत्रांचा ऑनलाइन साठा. न्यायालयांतली ही कागदपत्रं जनतेसाठी खुली, तरी २००८ साली तिथे ती पाहायला पानाला ८ सेंट पडत, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त २ डॉलर ४० सेंट. १७ ग्रंथालयांत फुकट प्रवेशाचा प्रयोग चालू होता. त्यातल्या सॅक्रमेंटोच्या खात्यावरून तुझ्या पर्ल स्क्रिप्टने सुमारे २ कोटी पानं उतरवली, तेव्हा प्रयोगच गुंडाळला गेला. एफबीआयने चौकशी केली, गुन्हा काही निघाला नाही. त्या ढिगाऱ्यातून सरकारी कागदपत्रं खुली करण्यासाठी झटणाऱ्या कार्ल मॅलमडने पक्षकारांचे उघडे राहिलेले सामाजिक सुरक्षा क्रमांक शोधून न्यायालयांना कळवले. मोठा साठा उघडा करताना गोची होते ती इथेच. पीडीएफमध्ये नावावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर तसाच राहतो. निवडून दुसरीकडे चिकटवला की वाचता येतो. पानाची सपाट प्रतिमा करून मगच चित्रातली अक्षरं ओळखणारा ओसीआर चालवावा. भारतात निकालपत्र छापायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ची मोकळीक आहे. विधिमंडळाचा कायदा मात्र स्वतःचं भाष्य किंवा इतर मूळ मजकूर जोडूनच छापावा, अशी मजेशीर अट तिथेच बसली आहे.

जेस्टोर या शोधनिबंधांच्या सशुल्क साठ्याबद्दल थोडक्यात. एमआयटी विद्यापीठाच्या जाळ्यातून तू लेख अखंड उतरवल्यामुळे ऑक्टोबर २०१० मध्ये काही दिवस सगळ्या एमआयटीचाच जेस्टोर बंद झाला. ज्यांच्यासाठी दार उघडायचं त्यांच्याच तोंडावर ते लागलं, आणि हे आम्हाला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. पण त्यासाठी तुझ्यावर १३ आरोप ठेवणं हा न्याय नव्हता, याबद्दल आमच्यात दुमत नाही.

शेवटचे आभार ज्या लढाईचे, ती तुम्ही हरलात. ९ ऑक्टोबर २००२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एल्ड्रेड खटल्याचा युक्तिवाद झाला, तेव्हा पंधरा वर्षांचा तू तिथे ऐकायला बसला होतास. १९९८ च्या कायद्याने जुन्या प्रकाशनांची मुदत ७५ वरून ९५ वर्षं केली, त्याला ते आव्हान होतं. ते ७ विरुद्ध २ मतांनी फेटाळलं गेलं.

याचा मराठीशी संबंध असा. १९३५ साली भारतात छापलेलं पुस्तक घ्या, लेखक १९५० साली गेलेला. भारतात मृत्यूनंतर ६० वर्षं, म्हणजे १ जानेवारी २०११ ला ते मुक्त झालं. पण विकिस्रोताचे सर्व्हर अमेरिकेत आहेत, आणि १९९६ पासून तिथे परदेशी पुस्तकांचे हक्क पुन्हा जिवंत झाले आहेत. जुनी ७५ वर्षांची मुदत असती तर तेच पुस्तक तिथेही नेमकं १ जानेवारी २०११ ला सुटलं असतं. आता ते सुटेल २०३१ साली. म्हणून आधी पाहायचं की लेखक १९४० पर्यंत गेला होता का. गेला असेल तर हा पेच येत नाही. नसेल तर पहिल्या आवृत्तीचं साल शोधून त्यात ९५ मिळवायचे; त्याच्या पुढच्या १ जानेवारीला पुस्तक सुटतं. प्रस्तावना, चित्रं आणि अनुवाद यांचे हक्क वेगळे असतात, तेही तपासावे लागतात. मरणोत्तर छापलेल्या मजकुराची ६० वर्षं प्रकाशनापासून धरायची.

१८ जानेवारी २०१२ ला ‘सोपा’ (SOPA) या कॉपीराइटभंग रोखण्याच्या नावाने आणलेल्या अमेरिकी विधेयकाविरुद्ध इंग्रजी विकिपीडिया २४ तास काळी झाली. ‘डिमांड प्रोग्रेस’ या संघटनेतून तुम्ही २०१० पासून जमवलेलं ते बळ होतं, आणि दोन दिवसांत विधेयक मागे पडलं. नेमक्या त्याच दिवशी गोलन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुनरुज्जीवित हक्क वैध ठरवले. विजयाच्या गोंगाटात ती बातमी फार थोड्यांनी वाचली. आम्हाला मात्र ती दर पुस्तकाला आठवते. अमेरिकेतली मुदत संपेपर्यंत अशा पुस्तकांचे स्कॅन भारतातल्या सर्व्हरवर ठेवतो. मजकूर साध्या फाइलीत असतो आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर तुझा हॅश असतो.

कळावे,

तुझे ऋणी,
मुक्त मजकुरावर काम करणारे काही मराठी लोक