आईची टेस्ट नीट घेणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार. रोज इतके पेशंट बघता त्यात आमची आई लक्षात असेल का माहीत नाही, नऊवारी नेसलेली, एका कानाने कमी ऐकू येणारी, दुसरीतच शाळा सुटलेली.

ती विसरायला लागली म्हणून तुमच्याकडे यायच्या आधी जिथे दाखवलं तिथे स्मरणशक्तीच्या टेस्टसाठी तिच्यापुढे कागद ठेवला, १०० मधून ७ वजा करत चला, एक वाक्य लिहा, हे पंचकोन बघून काढा. पेन ती फक्त सहीपुरतं धरते! ३० पैकी जेमतेम मार्क पडले आणि मग म्हणाले शिकलेल्या नाहीत ना, टेस्टचा काही उपयोग नाही, वयाचं विसरणं आहे, घरी न्या.

तुम्ही चांगल्या कानाच्या बाजूला बसलात, चष्मा आहे का बघितलंत. वाचायला न लावता "माझ्याकडे बघा, मी करते तसं करा" म्हणत डोळे मिटलेत, वजाबाकीच्या जागी वार उलटे विचारलेत, वाक्य लिहायच्या जागी घराबद्दल सांगा म्हणालात आणि ती गोठ्याबद्दल बोलतच राहिली. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी ही टेस्ट हिंदीत बसवली, १९९५ ला छापून आली, हे तुमच्याकडूनच कळलं. मग अजून सगळीकडे अशी का घेत नाहीत, राग येतो खरंच.

वार तिने उलटे बरोबर म्हटले, पण लक्षात ठेवायला सांगितलेल्या आंबा, खुर्ची, नाणं यातलं थोड्या वेळाने एकही आठवेना. मग तुम्ही वहिनीला बाजूला घेऊन विचारलंत, निरोप सांगतात का, सण लक्षात राहतात का, आधी काय करायच्या आणि आता काय जमत नाही. दुधाचा महिन्याचा हिशोब तोंडी ठेवणारी बाई आता एकाच दिवशी दोनदा पैसे देते, हे तिथे पहिल्यांदा कोणीतरी लिहून घेतलं.

बी-१२, थायरॉईड नॉर्मल आले, स्कॅन झाला, डॉक्टर म्हणाले अल्झायमरची सुरुवात आहे. खूप रडलो. पण गोळी सुरू झाली, आणि ती स्वतः नीट सांगू शकतेय तोवर शेताची वाटणी तिच्या मनासारखी करून घेतली, हे तुमच्यामुळे झालं ताई, मनापासून आभार.

एक विचारायचं होतं, वहिनीला विचारलेले ते प्रश्न आमच्या गावच्या आशाताईंना देता येतील का? शेजारच्या काकूंचंही असंच चाललंय आणि त्यांनाही सगळे वयाचंच म्हणतात.