एकाच काचपट्टीचे दोन अहवाल

महोदय,

माझ्या लहान भावाच्या गालात आतून पांढरा चट्टा आला. वीस वर्षांपासून खर्रा खातो, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेले मिश्रण. ऐन कापूस वेचणीत मजूर सोडून त्याला यवतमाळला नेले, तुकडा काढून तपासायला दिला. अहवाल आला, ‘सौम्य डिसप्लेसिया’, म्हणजे पुढे कर्करोग होऊ शकेल असा पेशींतला बिघाड. त्या तुकड्याची तीच काचपट्टी नागपुरात दाखवली, तर ‘तीव्र’! पहिल्या कागदावर सहा महिन्यांनी या म्हणतात, दुसऱ्यावर लगेच चट्टा काढा म्हणतात. आईने विचारले, “बाबू, यातला खरा कोणता?” मला उत्तर देता आले नाही.

डॉक्टरांना दोष देत नाही. सौम्य, मध्यम, तीव्र या पायऱ्यांमधली रेघ पाहणाऱ्याच्या नजरेवर बरीच अवलंबून असते. म्हणूनच 2006 साली दोनच गटांची पद्धत सुचवली गेली: पेशींच्या थरांच्या मांडणीतले किमान चार आणि एकेका पेशीतले किमान पाच बदल दिसले तर जास्त धोका, नाहीतर कमी. मोजून सांगायचे, अंदाजाने नाही.

माझी मागणी एवढीच, की प्रत्येक अहवालात कोणती पद्धत वापरली आणि नेमके कोणते बदल दिसले ते लिहिणे बंधनकारक करा. शंका असेल तिथे सरकारी मेडिकल कॉलेजातल्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टची सही घ्या, तीही फुकट. मजुरी बुडवून नागपूर गाठणे सगळ्यांना जमत नाही.

भावाचा चट्टा आम्ही काढून घेतला. गावच्या पानठेल्यावर मात्र सोळा-सतरा वर्षांची पोरे अजून पन्नीत खर्रा घोटत उभी असतात.

– एक शेतकरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ