विषय: गॅस भट्टी तापत नाही, जेट चुकीचा आहे, चौथ्यांदा सांगतोय

मॅनेजर साहेब,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. चौथा. आता तोंडी बोलणं बास. लोखंड तापवायची तुमची एका बर्नरची गॅस भट्टी मार्चमध्ये मागवलीय, ती काय आहे ते तुम्हाला माहितीय, काय करत नाही तेवढं सांगतो.

तापत नाही. ट्रकच्या कमानपाट्याचा वीतभर तुकडा पाऊण तास आत ठेवला तरी लोहचुंबक खट्कन चिकटतो. लोखंड ७७० डिग्रीच्या पुढं गेलं की चुंबक धरत नाही, आणि विळ्याच्या पात्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापवून बुडवून कडक करायचं, तर त्याच्याही वर न्यावं लागतं. तुमच्या खोक्यावर १३०० छापलंय. तरी तेलात बुडवून बघितलं, कानस घसरायला पाहिजे ती सरळ खातीय, म्हणजे पातं मऊच. असल्या विळ्यानं कडवळ कापायला घेतलं तर चार पेंढ्यांत धार जाते. तोच पाटा आमच्या लोहाराच्या कोळशाच्या भट्टीत घातला तर थोड्या वेळात नारिंगी झाला आणि चुंबक सुटला, म्हणजे पाट्यात खोट नाही.

मी पावरलूमचा फिटर आहे, २२ वर्षं झाली. तुमचा पितळी जेट, म्हणजे बारीक भोकातून बर्नरमध्ये गॅस सोडतो तो भाग, खोलला. माहितीपत्रकात भोक ०.८ मिमी लिहिलंय आणि माझं १.२ चं ड्रिल आरामात आत जातंय. भोक मोठं की गॅस जास्त सुटतो, त्या मानानं हवा ओढली जात नाही, मग ज्योत पिवळी लांब, नुसती काजळी. वर भट्टीच्या आतल्या सिरॅमिक लोकरीला आग सोसणाऱ्या मॉर्टरचा कोट देऊन पाठवतो म्हणालात, तो नाहीच, हात लावला की तंतू उडतात, ते छातीत गेले तर जबाबदार कोण?

हे सगळं आज तुमच्या कस्टमर केअरच्या मुलाला नीट सांगितलं. तो म्हणाला, "सर, मॅग्नेट ओरिजिनल आहे का?" मग विचारलं, कुठून बोलताय. सोलापूर म्हणालो तर हसला. "मग काय सर, तिकडं तर उन्हातच लोखंड लाल होत असेल, जरा बाहेर ठेवून बघा." त्याच्या मागं अजून कुणीतरी हसलं. फोन स्पीकरवर होता, माझा पोरगा सांडशी धरून शेजारीच उभा होता, तो माझ्याकडं बघतच राहिला. मे महिन्यात सोलापूर ४३ ला जातं ते आम्हाला माहितीय, आम्ही त्यातच राहतो आणि त्यातच भट्टीपुढं उभं राहतो. आणि शेवटी म्हणतो, "घरगुती लोकांना हे जमत नाही सर, लोहाराकडून करून घ्या." अहो, मी दर रविवारी लोहाराकडंच बसतो, भाता ओढत शिकलोय. मला येतं का नाही हा प्रश्नच नाही, तुमचं भोक चुकलंय.

तुमच्यावर विश्वास ठेवून मी वेगळा हाय प्रेशर रेग्युलेटर घेतला, १९ किलोचा सिलेंडर लावला. तो पैसा पण गेला.

८ दिवसांत बरोबर जेट आणि कोटिंगचं सामान पाठवा, नाहीतर भट्टी घेऊन जा आणि पूर्ण पैसे द्या. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार आणि मग जिल्हा ग्राहक आयोग, बिल आणि जेटचे फोटो तयार आहेत. आणि जेट पाठवायच्या आधी त्यात ०.८ ची पिन घालून तुम्ही स्वतः मोजा.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.