हिर्टा ओसाड आहे, बेवारस नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटांवरचा लेख वाचला. मराठीत या बेटांवर कुणी लिहिलं, याचाच आधी आनंद झाला. पण 'भुतांचं गाव' हे शीर्षक आणि 'इथे काळ थांबला आहे' ही छायाचित्राखालची ओळ, दोन्ही मनाला लागली. मी बरीच वर्षं ग्लासगोत राहतो आणि एका उन्हाळ्यात दोन आठवडे त्याच गावात दगड रचायला गेलो होतो. म्हणून हे पत्र.

२९ ऑगस्ट १९३० रोजी सेंट किल्डातल्या हिर्टा या मुख्य बेटावरच्या शेवटच्या ३६ माणसांनी गाव सोडलं. घराघरात उघडं बायबल आणि थोडे ओट ठेवून ती निघाली. हे सगळं लेखात नीट आलं आहे. मात्र ती जगाचा वारा न लागलेली माणसं होती, हा लेखाचा सूर मला मान्य नाही. आम्हाला इथून न्या, असा अर्ज त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनीच सरकारकडे केला होता. तरणी माणसं आधीच बाहेर पडली होती; मेंढरं सांभाळणं, दोर लावून कड्यांवरचे पक्षी धरणं उरलेल्यांना झेपेना. त्याआधी कित्येक पिढ्या त्यांचा खंड पिसांच्या नि लोकरी कापडाच्या रूपाने जमीनमालकाकडे जात होता. १८७०च्या दशकापासून उन्हाळ्यात प्रवासी बोटी येत आणि बेटकरी त्यांना कापड, पक्ष्यांची अंडी विकत. पहिल्या महायुद्धात तिथे नौदलाचं बिनतारी केंद्र होतं, म्हणून १९१८ साली जर्मन पाणबुडीने या गावावर तोफा डागल्या. गाव सोडल्यावर यांतल्या काहींना सरकारने वनखात्यात कामाला लावलं. ज्यांच्या बेटावर झाड म्हणून नव्हतं, त्यांना झाडांच्या कामावर! त्यांचं दुःख खरं आहे. ते सांगायला भुतं लागत नाहीत.

इथे काळ थांबला नव्हता, हेच जमिनीखालचा पुरावाही सांगतो, आणि लेखात त्याचा एक शब्द नाही. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात डरहम विद्यापीठाच्या लोकांनी गावातल्या घरांचं उत्खनन केलं. पुढे डोंगरउतारावर दगड काढण्याच्या प्राचीन जागा सापडल्या. त्या दगडाची शेतीची अवजारं घडवत. अलीकडे बेटावरच्या लष्करी तळाच्या इमारती नव्याने बांधायच्या होत्या, तेव्हा पायाच्या आधी पुरातत्त्वज्ञ उतरले आणि लोहयुगातल्या, दोन हजार वर्षांहून जुन्या मातीच्या भांड्यांची खापरं हाती लागली. ही वस्ती खोल मुळांची आहे आणि दर पिढीत ती बदलत आली आहे. गावाची आजची धनुष्याकृती रांगसुद्धा फार जुनी नव्हे. १८३०च्या दशकातली घरं वाऱ्याला आडवी न जाता टोक समोर करून उभी होती, भिंतींचे कोपरे गोल. १८६०च्या वादळानंतर मालकाने १६ नवी घरं बांधून दिली, चौकोनी, समुद्राकडे तोंड केलेली, जस्ताच्या पत्र्याची. त्या पत्र्याला आतून घाम फुटून घरं ओली राहत. जुन्या घरांत मग गुरं बांधली. हे मी तिथे दोन्ही भिंतींच्या मध्ये उभा राहून पाहिलं, आणि जुना गवंडी अधिक शहाणा होता असं माझं स्पष्ट मत झालं.

आता मुख्य गोष्ट. हे गाव आपोआप उभं राहिलेलं नाही. १९५७पासून ते नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि १९५८पासून उन्हाळ्यात स्वयंसेवकांच्या तुकड्या पदरचे पैसे भरून तिथे राबायला जातात. बेटांवर 'क्लेट' नावाची चौदाशेहून अधिक दगडी कोठारं आहेत. चुना नाही, माती नाही. आमच्या मालवणकडचा गडगा, म्हणजे नुसत्या दगडांचं कुंपण, ज्याने घातला असेल, त्याला ते काम पाहताक्षणी कळेल. मोठ्या दगडाला दगड बसवायचा, डुगडुगला तर कपची मारायची, आणि वर जाताना प्रत्येक थर जरासा आत सरकवत शेवटी लांब फरशांनी तोंड मिटवायचं. फटींतून वारा वाहतो. त्यावर पक्ष्यांचं मांस, अंडी, जळणाचं पीट (दलदलीतून कापलेली माती) सुकायचं. फरशांवर मातीसकट कापलेलं गवत अंथरलेलं असतं, ते पाऊस अडवतं आणि वजनाने दगड जागी धरून ठेवतं. ते गवत घसरलं की कोठार ढासळायला लागतं. आणि ते घसरवतात सोए जातीच्या रानटी मेंढ्या! छपरावर चढतात, आत आसऱ्याला शिरतात, अंग घासतात. त्यांना हाकलता येत नाही, कारण याच मेंढ्यांवर अनेक दशकं संशोधन चालू आहे. युनेस्कोने १९८६ साली निसर्गासाठी आणि २००५ साली मानवी वारशासाठी, असा दोन्ही अंगांनी या बेटांना जागतिक वारसा मानलं आहे. म्हणजे मेंढीही सांभाळायची आणि भिंतही.

म्हणून दगड हलवण्याआधी फोटो, मग नोंद, मगच हात लावायचा. मी उत्साहाच्या भरात एक पडलेला दगड तसाच उचलून भिंतीवर ठेवला, तर आमच्यासोबतच्या पुरातत्त्वज्ञ बाईंनी शांतपणे तो परत खाली ठेवायला लावला. तो कुठून पडला हे ठरल्याशिवाय त्याला जागा नाही. १६ घरांपैकी मोजक्याच घरांवर पुन्हा छप्पर घातलं आहे, त्यांतल्या एकात छोटं संग्रहालय आहे. बाकीच्यांच्या भिंती फक्त पडू द्यायच्या नाहीत. सगळीच घरं नवी करावीत असं मला आधी वाटायचं. आता वाटत नाही. लोक निघून गेले, हेही त्या भिंतींना सांगू दिलं पाहिजे.

तिथे जन्मलेल्यांपैकी शेवटच्या बाई २०१६ साली वारल्या. घर सोडलं तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. त्यांच्या गावाला भुतांचं म्हणू नये, एवढी विनंती आहे. पुढच्या अंकात तसा खुलासा छापावा. आणि आपण छापलेलं छायाचित्र पुन्हा एकदा जवळून पाहावं. उजवीकडच्या कोठारावर गवताचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा गडद हिरवा दिसतो. तो नुकताच कुणीतरी हाताने लावलेला आहे.

आपला एक वाचक,
ग्लासगो (मूळ गाव मालवण तालुक्यात)