अ‍ॅप द्या, पण पेगच्या मापात

रोजचं पिणं नोंदवून घेऊन माजी सैनिकांची दारू कमी करणाऱ्या मोबाईल अ‍ॅपवरचा तुमचा लेख वाचला, पटला. लंडनच्या किंग्ज कॉलेजने ब्रिटनच्या माजी सैनिकांवर चाचणी घेतली, 84 दिवसांनी अ‍ॅपवाल्यांचं पिणं आठवड्याला सरासरी 28 युनिटने (ब्रिटनमधलं दारूचं माप, एक युनिट म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोल) घटलं, नुसता सल्ला मिळालेल्यांचं 10च्या आसपास. आपल्याकडं लष्कराच्या कॅन्टीनच्या स्मार्ट कार्डावर बाटल्या किती नेल्या त्याचा हिशोब मशीनमध्ये असतोच, पण पिल्या किती ते कोण लिहितंय (अर्धा कोटा तर पाहुण्यारावळ्यांतच वाटला जातो, ते वेगळंच). आमच्या गावातले सुभेदार मामा दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर असतात पण डॉक्टरपुढं दारूचं नाव काढत नाहीत, लाज वाटते. असं अ‍ॅप मराठीत, पेगच्या मापात, ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमधून द्यावं, मराठवाड्यातूनच सुरुवात करायला काय हरकत आहे?

— एक वाचक, परभणी