नाकेबंदी फोडणाऱ्या कॅप्टनांचं एवढं कौतुक?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराची नाकेबंदी चुकवून दक्षिणेच्या बंदरांत ये-जा करणाऱ्या जहाजांवरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. अख्खं पान कॅप्टनांच्या धाडसावर. अंधाऱ्या रात्री दिवे विझवून, राखाडी रंगाची बुटकी जहाजं, धूर दिसू नये म्हणून अँथ्रासाइट कोळसा, बहामा बेटांतल्या नासाऊहून थेट दक्षिणेचं विल्मिंग्टन बंदर. हे सगळं खरंच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण परत जाताना ज्या कापसाच्या गाठी डेकपर्यंत रचून न्यायचे तो कापूस वेचला कोणी, हे एका ओळीत तरी लिहायचं होतं. पूर्ण लेखात गुलाम हा शब्द नाही! आणि येताना काय आणायचे, तर एनफिल्ड रायफली, शिसं, बंदुकीच्या दारूसाठी सोरा. म्हणजे माणसं विकत घेणाऱ्यांची लढाई आणखी लांबवायची सोय.

उपाशी जनतेसाठी अन्न आणि औषधं आणायचे असं लिहिलंय, तेही अर्धवट. औषधं यायची, पण जहाजमालकांना रेशीम आणि ब्रँडीत जास्त पैसा सुटायचा, इतका की फेब्रुवारी १८६४ मध्ये दक्षिणेच्या सरकारलाच चैनीच्या मालावर बंदी घालावी लागली.

आता माझ्या खऱ्या रागाचं कारण सांगतो. खाली भट्टीत कोळसा ओढणाऱ्यांबद्दल लेखात एक अक्षर नाही. मी स्वतः ऑइलर, म्हणजे इंजिनाला तेल-वंगण करणारा खलाशी होतो, इराण-इराक युद्ध चालू असताना इराणच्या खार्ग बेटावर तेल भरायला जाणाऱ्या टँकरवर. वर ब्रिजवर काय चाललंय ते खाली काही कळत नाही, वरून हुकूम देणाऱ्या टेलिग्राफची घंटी वाजते आणि सेकंड इंजिनीअर ओरडतो, तेवढंच. पोर्टहोलना काळा रंग फासलेला, बॉयलरसूट पिळला तर पाणी निघेल एवढा घाम, आणि लांब कुठं धप्प झालं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे, कारण मिसाईल बहुतेक मागच्या बाजूला लागायचं आणि इंजिनरूम मागेच. वॉर बोनस डबल पगाराचा ठरला होता. मुंबईला साइन ऑफ केल्यावर एजंट म्हणाला, ऑफिसर लोकांचा आलाय, क्रूचा यायचाय. तो अजून आला नाही. माझ्याबरोबर जयगडचा एक जण होता, तो त्या पैशाची वाट बघत बघत गेला.

त्या काळातही तेच होतं. युद्धाच्या शेवटी शेवटी कॅप्टनला एका फेरीचे ५००० डॉलरपर्यंत मिळायचे आणि भट्टीवरच्या फायरमनला २५० च्या आसपास. गोळा बॉयलरला लागला तर आधी भाजणार कोण? हे लेखकाने लिहायला पाहिजे होतं.

आणि धाडसच छापायचं असेल तर रॉबर्ट स्मॉल्सचं छापा ना. दक्षिणेच्या चार्ल्सटन बंदरात त्यांच्याच सैन्याच्या प्लँटर नावाच्या बोटीवर काम करणारा गुलाम. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे ऑफिसर किनाऱ्यावर गेलेले बघून त्याने बोट काढली, बायकापोरांना वाटेत घेतलं, डोक्यावर कॅप्टनची टोपी घालून दक्षिणेच्या ताब्यातल्या फोर्ट समटर किल्ल्यासमोर इशाऱ्याची ठरलेली शिट्टी बरोबर दिली आणि तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर पांढरी चादर चढवून बोट उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. नंतर हाच माणूस अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेला. असा माणूस सोडून तुम्ही नफ्यासाठी फिरणाऱ्यांना पान देता याचं वाईट वाटतं. पुढच्या रविवारी त्याच्यावर लिहा, फोटोसकट.

जाता जाता, नकाशा देणार असाल तर वाचता येईल असा द्या. कालच्यात बर्म्युडा कुठं आणि नासाऊ कुठं कळत नव्हतं, सगळी शाई पसरलेली. रत्नागिरीला येणाऱ्या अंकाची छपाई पावसाळ्यापासून अशीच आहे, तुमच्या ऑफिसला फोन केला तर कोणी उचलत नाही.

आपला,
एक निवृत्त ऑइलर, रत्नागिरी